ऱ्होड्स बेटाचे निमंत्रण : सुट्टी, परिषद आणि व्यापाऱ्याचा हिशोब

मागच्या महिन्यात आमच्या एका वाचक बंधूंनी एक गुळगुळीत कागदाचे निमंत्रण आमच्यापुढे ठेवले. त्यांचा चामड्याच्या पिशव्या व पाकिटांचा छोटा कारखाना आहे, हाताखाली नऊ कारागीर आहेत. निमंत्रण ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावरच्या ‘आंतरराष्ट्रीय व्यापार परिषदे’चे होते. चार दिवस परिषद, तीन दिवस बेटांची सहल, युरोपातील खरेदीदारांशी गाठीभेटी आणि शेवटी एक प्रमाणपत्र. अट एवढीच की, नोंदणीची रक्कम पंधरा दिवसांच्या आत पाठवावी. बंधूंनी विचारले, “जाऊ की नको? तुमचे काय मत?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आमच्या समाजातील बरेच व्यापारी व कारागीर आता माल परदेशी पाठवू लागले आहेत, त्यामुळे अशी निमंत्रणे त्यांच्याही हाती पडतात. म्हणून ही बेटे कोणती, तेथे परिषदा का भरतात, जाणाऱ्याने काय पाहावे आणि पैसा टाकण्यापूर्वी काय तपासावे, हे सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले.

बेटे कोठे आहेत?

ग्रीसच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून एक द्वीपसमूह आहे. त्याला डोडेकनीज म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘बारा बेटे’. प्रत्यक्षात मोठी-मध्यम बेटे पंधराच्या आसपास असून लहान बेटे व खडक शंभराहून अधिक आहेत. ऱ्होड्स हे त्यांतील सर्वांत मोठे बेट, लोकसंख्या सुमारे सव्वा लाख. त्याखालोखाल कोस, मग कालिम्नोस, लेरोस, पॅटमॉस, सिमी वगैरे. ऱ्होड्सहून तुर्कस्तानचा किनारा अठरा-वीस किलोमीटरवर आहे. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचे डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

या बेटांचा इतिहास आमच्या वाचकांना जवळचा वाटेल. ख्रिस्ती धर्मयुद्धांतील सेंट जॉनच्या सरदारांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ऱ्होड्स घेतले आणि तेथे भक्कम तटबंदी उभारली. १५२२ साली उस्मानी सुलतान सुलेमान यांनी सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर ते जिंकले. सरदारांना त्यांच्या सामानासह सुखरूप जाऊ दिले गेले. पुढे १५३० साली ते माल्टा बेटावर स्थिरावले. तेव्हापासून १९१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे, ही बेटे उस्मानी राज्यात होती. १९१२ साली इटलीने ती घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या तहाने ती ग्रीसला मिळाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९२३ साली ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. पश्चिम थ्रेसचा अपवाद सोडल्यास ग्रीसमधील मुसलमानांना तुर्कस्तानात जावे लागले. परंतु त्या वेळी ही बेटे इटलीकडे असल्याने तेथील मुसलमानांना हा करार लागू झाला नाही आणि ते आपल्या घरीच राहिले. आजही ऱ्होड्स व कोस येथे काही हजार मुसलमान आहेत. कोस शहराजवळचे प्लातानी हे गाव त्यांच्यामुळे ओळखले जाते.

ऱ्होड्सच्या जुन्या शहराला युनेस्कोने १९८८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. तटबंदीच्या आत सोक्रातूस नावाची बाजारपेठेची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, मध्ये दगडी फरसबंदी. या गल्लीच्या वरच्या टोकाला सुलेमानिया मशीद उभी आहे. तिच्या समोरच हाफिज अहमद आगा यांचे ग्रंथालय आहे. अहमद आगा मूळचे ऱ्होड्सचेच, उस्मानी दरबारात चाकरीला होते. १७९३ साली त्यांनी आपल्या गावासाठी हे ग्रंथालय वक्फ करून ठेवले. अरबी, फारसी व तुर्की हस्तलिखिते तेथे जतन केलेली आहेत. परदेशी कमावलेल्या पैशाचे गावासाठी काय करावे, याचा हा एक नमुना आहे.

परिषदा येथे का भरतात?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बेटावर परिषद भरविणे तसे गैरसोयीचेच. विमान बदलावे लागते, समुद्र ओलांडावा लागतो. मग आयोजक येथे का येतात? आणि बेटवाले त्यांना इतक्या अगत्याने का बोलावतात? याचे उत्तर हंगामाच्या हिशोबात आहे.

या बेटांचा पर्यटन हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. हे सात महिने म्हणजे २१४ रात्री. या काळात ब्रिटन, जर्मनी व उत्तरेकडील थंड देशांतून थेट विमाने भरभरून येतात. नोव्हेंबर उजाडला की बहुतेक विमाने थांबतात, हॉटेलांना कुलपे लागतात, बाजारपेठेतील अनेक दुकानेही बंद होतात. परंतु इमारतीचे हप्ते, डागडुजी, विमा, पहारेकऱ्याचा पगार हे खर्च बारा महिन्यांचे असतात. सात महिन्यांच्या कमाईत बारा महिने ओढायचे, हाच तेथील धंद्याचा मुख्य पेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खोलीचा वर्षाचा ठराविक खर्च ४,२८० युरो आहे. खोली २१४ रात्री भरलेली राहिली तर दर रात्रीवर २० युरोचा बोजा पडतो. प्रत्यक्षात जुलै-ऑगस्ट भरलेले असतात आणि एप्रिल, मे व ऑक्टोबरमध्ये खोल्या रिकाम्या राहतात. भरलेल्या रात्री १६० वर आल्या तर तोच बोजा पावणेसत्तावीस युरोवर जातो. म्हणजे गिऱ्हाईक कमी झाले आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागचा खर्च मात्र वाढला. उन्हाळ्यात खोल्या आपोआप जातात, तेव्हा परिषदेची गरज नसते. परिषद हवी असते ती हंगामाच्या दोन्ही टोकांना. तीनशे प्रतिनिधी चार रात्री राहिले की बाराशे रात्रींचा धंदा एका पत्रव्यवहारात होतो. त्यांचे दिवस आधी ठरलेले असतात, त्यांना सभागृह लागते, दुपारचे जेवण लागते, दुभाषे, मोटारी, छापखाना, फुलवाला आणि भेटवस्तू विकणारा कारागीरही लागतो. शिवाय बरेच जण परिषदेला जोडून दोन-तीन दिवस स्वतःच्या खर्चाने राहतात. सुट्टी व परिषद यांची सांगड बसते ती येथे.

ही परंपरा जुनी आहे. १९४९ च्या हिवाळ्यात संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी अरब देश व इस्राएल यांच्यातील युद्धबंदीच्या वाटाघाटी ऱ्होड्सच्या ‘हॉटेल ऑफ रोझेस’मध्ये घडवून आणल्या. इजिप्तचा करार २४ फेब्रुवारी १९४९ रोजी तेथे झाला, जॉर्डनचा ३ एप्रिल रोजी. बंच यांना १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॅलेस्टाईनच्या नकाशावरील ज्या रेषांची चर्चा आजही चालते, त्यांपैकी काही या हॉटेलातील टेबलांवर आखल्या गेल्या. आज त्या इमारतीत जुगारघर आहे! पुढे २ व ३ डिसेंबर १९८८ रोजी युरोपीय राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद ऱ्होड्सला भरली. २००३ पासून पुढे अनेक वर्षे ‘संस्कृतींचा संवाद’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय मेळावा येथे होत असे. त्याच्या संस्थापकांत भारताचे उद्योजक जगदीशचंद्र कपूर हेही होते. कोस हे वैद्यकशास्त्राचा जनक मानल्या गेलेल्या हिप्पोक्रेटसचे जन्मस्थान, त्यामुळे डॉक्टरांच्या परिषदांना ते बेट आवडते. यांतील पहिल्या दोन बैठकांच्या तारखा पाहा. फेब्रुवारी आणि डिसेंबर, म्हणजे बेट रिकामे असतानाच्या.

स्पंज गेला, कडे उरले

कालिम्नोस बेटाची हकिकत कारागिरांनी मुद्दाम वाचावी. त्या बेटाचे पोट शतकानुशतके समुद्राच्या तळातील स्पंजावर चालत असे. वसंतात नावा निघत आणि शरदात परतत. १८६० च्या दशकात पाणबुड्यांचा नवा पोशाख आला. वरून नळीने हवा मिळू लागली, पाणबुड्या जास्त खोल जाऊ लागला आणि जास्त वेळ राहू लागला. माल वाढला, पण झपकन वर येण्याने शरीराचे काय होते हे कोणाला ठाऊक नव्हते. कित्येक मेले, कित्येक पांगळे झाले. यंत्र नवीन घेतले पण ते वापरण्याचे ज्ञान घेतले नाही, तर नफ्याबरोबर केवढी किंमत मोजावी लागते याचे हे उदाहरण होय. आमच्या यंत्रमागाच्या, प्लेटिंगच्या व रंगकामाच्या कारखान्यांनी यावर विचार करावा. पुढे कृत्रिम स्पंज आला आणि १९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातील स्पंजांवर रोग पडला. धंदा बसला.

मग बेटाने काय केले? बेटावर चुनखडीचे उंच कडे आहेत. शेतीला निरुपयोगी म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातील गिर्यारोहकांनी त्यांवर चढाईचे मार्ग आखले आणि कालिम्नोस गिर्यारोहकांचे जगप्रसिद्ध ठिकाण झाले. भर उन्हाळ्यात दगड तापतो, म्हणून हे पाहुणे वसंतात व शरदात येतात, म्हणजे इतर बेटे रिकामी होत असताना. ज्याला निरुपयोगी समजत होते तेच कामी आले आणि तेही अडचणीच्या महिन्यांत. स्पंजांचे थोडे कारखाने व दुकाने अजून तग धरून आहेत. त्यांचे गिऱ्हाईक आता बहुतांशी हा पाहुणाच आहे.

माल कोणाचा, नाव कोणाचे?

ऱ्होड्सच्या दक्षिणेस लिंडोस नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथून लाल, निळ्या व हिरव्या फुलांची सुंदर चिनी मातीसारखी भांडी मोठ्या संख्येने पॅरिसच्या संग्रहालयाकडे गेली. ती ऱ्होड्सला मिळाली म्हणून तज्ज्ञांनी त्यांना ‘ऱ्होड्सची भांडी’ असे नाव दिले आणि ते नाव बरीच वर्षे पुस्तकांतून चालले. नंतर उलगडा झाला की, ही भांडी घडली होती तुर्कस्तानातील इझनिक गावी, तेथील मुसलमान व इतर कारागिरांच्या हातून. लिंडोसच्या सुखवस्तू घरांनी ती फक्त विकत घेऊन भिंतींवर मांडली होती. घडविणाऱ्याचे नाव गेले, ठेवणाऱ्याचे राहिले.

असेच आपल्या कोल्हापुरी चपलेचे होता होता राहिले. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मूळ उल्लेखाशिवाय मांडल्या. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. नावाची नोंदणी होती म्हणून ओरडीला आधार होता. जो कारागीर परदेशी परिषदेत आपला नमुना दाखविणार आहे, त्याने मालावर आपले व गावाचे नाव आधी पक्के करावे. नमुना एकदा हातातून गेला की नाव मागे राहत नाही.

ऱ्होड्सचा समुद्री कायदा

या बेटाची सर्वांत मोठी देणगी मात्र एक कायदा आहे. प्राचीन काळी ऱ्होड्सचे लोक नामांकित दर्यावर्दी व्यापारी होते. त्यांच्यात नियम होता की, वादळात जहाज वाचविण्यासाठी एखाद्याचा माल समुद्रात फेकावा लागला तर ते नुकसान त्या एकट्याने सोसू नये, जहाज व सर्व मालाच्या मालकांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यावे. रोमन कायद्याने हा नियम ऱ्होड्सच्या नावानेच नोंदविला आणि आजच्या जहाजवाहतुकीतही तो लागू आहे. इंग्रजीत त्याला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात.

हिशोब सोपा आहे. जहाज व त्यावरील सगळा माल मिळून किंमत १० लाख. त्यांपैकी एका व्यापाऱ्याचा १ लाखाचा माल फेकला. नुकसान एकूण किमतीच्या दहा टक्के. म्हणून प्रत्येकाने आपल्या किमतीच्या दहा टक्के भरावे. ज्याचा माल गेला त्याच्याही वाट्याला १० हजार येतात आणि उरलेले ९० हजार इतरांकडून त्याला मिळतात. सर्वांसाठी एकाने सोसले तर त्याची भरपाई सर्वांनी करावी, हे न्यायाचे तत्त्व आमच्या वाचकांना परके वाटणार नाही.

निर्यात करणाऱ्याने हे माहीत करून घेणे भाग आहे. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज अडकले. त्यानंतर जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. ज्यांचा माल सुरक्षित होता त्यांनाही तो सोडवून घेण्यापूर्वी वाट्याची हमी द्यावी लागली. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख अनामत भरावी लागते. आपला एकच खोका असला तरी कागदपत्रांत ही जोखीम भरून निघते की नाही, हे दलालाला आधी विचारावे.

आग लागली तेव्हा

जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्सच्या जंगलाला आग लागली आणि ती दक्षिण-पूर्वेकडील हॉटेलांपर्यंत पोचली. सुमारे १९ हजार लोकांना, त्यांत बहुसंख्य पाहुणे, हलवावे लागले. ग्रीक सरकारच्या म्हणण्याप्रमाणे देशातील अशा प्रकारची ती सर्वांत मोठी हालचाल होती. स्थानिक लोकांनी शाळा, घरे व दुकाने उघडी केली. पुढे सरकारने जाहीर केले की, ज्यांची सुट्टी आगीमुळे वाया गेली त्यांना २०२४ साली ऱ्होड्सला पुन्हा येण्यासाठी खर्चाची कूपने देऊ. मात्र ती वसंत व शरद ऋतूंसाठी होती, ऐन हंगामासाठी नव्हती. म्हणजे शब्द पाळला, गिऱ्हाईक राखले आणि रिकाम्या खोल्याही भरल्या. माल खराब निघाला तर बदलून देणारा दुकानदार तोट्यात जात नाही, हे आमचे जुने सांगणे आहे.

पाहुण्यांचा भार मोठा झाल्याने आता करही वाढले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चारतारांकित हॉटेलात दर खोलीस दर रात्री १० युरो व पंचतारांकित हॉटेलात १५ युरो हवामान-कर भरावा लागतो. हिवाळ्यात तो बराच कमी असतो. अनेकदा तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. परिषदेच्या पाच रात्रींचा हिशोब करताना हे विसरू नये.

जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट व्हिसाची. ग्रीस शेंगेन देशांत आहे. भारतीय नागरिकास शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढासाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलेला मात्र उशिराचा ठरतो. परिषदेसाठी जात असाल तर आयोजकाचे पत्र, धंद्याच्या नोंदणीची कागदपत्रे, बँकेचे उतारे व प्राप्तिकराची विवरणपत्रे जोडावीत. परिषदेला जायचे असताना सहलीचे कारण लिहू नये. खोट्या कारणाने घेतलेला व्हिसा पुढचे सगळे दरवाजे बंद करतो आणि ते सचोटीलाही धरून नाही.

दुसरी गोष्ट, येथे पुष्कळ लोक फसतात. तुर्कस्तानच्या मार्मारिसहून ऱ्होड्सला व बोद्रमहून कोसला सुमारे तासाभराच्या आत-बाहेर फेरीबोट जाते. २०२४ पासून तुर्की नागरिकांना काही ग्रीक बेटांवर बंदरातच सात दिवसांचा व्हिसा मिळण्याची सोय झाली. ही सोय तुर्की नागरिकांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे, तुर्कस्तानात फिरायला गेलेल्या भारतीयांसाठी नाही. त्यांना आधीच शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बेटावरून परत तुर्कस्तानात येता येणार नाही.

मुंबईहून जाणारे बरेच जण आखाती शहरांमार्गे किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्सला जातात. तेथून ऱ्होड्सला विमानाने तासभर लागतो. पायरियस बंदरातून बोटीने चौदा तासांहून अधिक लागतात, पण भाडे कमी पडते व नमुन्यांच्या पेट्या नेणे सोयीचे होते.

खाण्याबाबत सावध राहावे. ग्रीसमधील गिरोस व सुव्लाकी हे पदार्थ बहुधा डुकराच्या मांसाचे असतात. ‘खिरिनो’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘कोतोपुलो’ म्हणजे कोंबडी, हे दोन शब्द पाठ करावेत. परंतु कोंबडी म्हटली म्हणजे हलाल झाली असे नव्हे. मासे, भाज्या, डाळी, ऑलिव्ह, दही व फळे मुबलक मिळतात. परिषदेच्या नोंदणीतच आपल्या जेवणाची अट लिहून द्यावी. नमाजासाठी जुन्या शहरातील इब्राहिम पाशा मशिदीची चौकशी करावी. किबला तेथून आग्नेयेस येतो. उन्हाळ्यात दिवस साडेचौदा तासांचा असतो, मगरिब रात्री आठनंतर होते. संध्याकाळच्या भोजनसमारंभाची वेळ पाहून ठेवलेली बरी.

तिसरी गोष्ट मालाची. विक्रीचे नमुने खासगी सामान म्हणून गुपचूप नेऊ नयेत. परत आणावयाच्या नमुन्यांसाठी ‘एटीए कार्ने’ नावाचे कागदपत्र असते. आपल्याकडे ते ‘फिक्की’मार्फत मिळते. ऑर्डर मिळाल्यावर माल पाठवायला आयात-निर्यात संकेतांक लागतो, तो आधीच काढून ठेवावा. प्रवासी कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस कापला जातो. त्याची पावती जपून ठेवली तर विवरणपत्रात ती रक्कम वळती करून घेता येते.

निमंत्रण खरे की खोटे?

आता त्या गुळगुळीत कागदाकडे येऊ. परदेशी परिषदेच्या नावाने नोंदणीचे पैसे उकळणारे टोळके जगभर आहेत. आम्ही बंधूंना पुढील चौकशा करण्यास सांगितले.

ज्या हॉटेलात परिषद आहे असे लिहिले आहे, त्या हॉटेलाचा पत्ता निमंत्रणातून न घेता स्वतंत्रपणे शोधून त्यांना पत्र लिहावे की, या तारखांना या नावाने सभागृह राखून ठेवले आहे काय? आयोजकाला मागील परिषदेत आलेल्या खरेदीदार कंपन्यांची यादी मागावी व त्यांतील दोघा-तिघांना विचारून पाहावे. पैसे संस्थेच्या खात्यावर जातात की एखाद्या व्यक्तीच्या, तेही तिसऱ्याच देशात, हे पाहावे. आपल्या धंद्याच्या निर्यात परिषदेकडे चौकशी करावी. चामड्यासाठी व हस्तकलेसाठी अशा वेगवेगळ्या परिषदा आहेत. परिषदेचा विषय आणि आपला धंदा यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे. ज्या निमंत्रणात पिशव्या, औषधे, शिक्षण आणि संगणक यांची एकच परिषद असते, तेथे शंका घ्यावी.

या सर्व चौकशांतून निमंत्रण खरे निघाले तरी शेवटचा हिशोब उरतोच. समजा, जाण्या-येण्याचा, राहण्याचा, नोंदणीचा, विम्याचा व बुडालेल्या कामाच्या दिवसांचा मिळून खर्च ३ लाख रुपये आहे आणि निव्वळ नफा रुपयाला १२ पैसे पडतो. तर नुसता खर्च भरून निघायला २५ लाखांची ऑर्डर यावी लागेल. एवढा माल आपले नऊ कारागीर वेळेत देऊ शकतील काय? देऊ शकत नसतील तर ऑर्डर मिळूनही उपयोग नाही. मग तो प्रवास धंद्याचा नव्हे, सुट्टीचा झाला. सुट्टीला आमचा विरोध नाही. अल्लाहची जमीन पाहावी, फिरावे, शिकावे. पण सुट्टीचा खर्च घरच्या शिलकेतून करावा, कारागिरांच्या मजुरीच्या पैशातून किंवा व्याजाच्या कर्जातून नव्हे.

बंधूंनी हॉटेलाला लिहिले. चौथ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले की, त्या तारखांना अशी कोणतीही परिषद आमच्याकडे नोंदलेली नाही. आयोजकाला खरेदीदारांची यादी मागितली तेव्हा यादी आली नाही, नोंदणीची मुदत आणखी आठ दिवस वाढविल्याचे पत्र तेवढे आले. बंधूंनी पैसे पाठविले नाहीत. त्यांपैकी काही रक्कम त्यांनी शिलाईच्या नव्या यंत्रासाठी ठेवली आहे आणि काही देशातल्याच निर्यात मेळाव्यात गाळा घेण्यासाठी. तेथे परदेशी खरेदीदार आपल्या दाराशी येतो. पहिल्या पायरीसाठी तेच योग्य आहे, असे आमचे मत आहे.

ऱ्होड्स मात्र त्यांच्या मनातून गेलेले नाही. हाफिज अहमद आगांचे ग्रंथालय आणि सोक्रातूस गल्ली एकदा पाहायची आहे, असे ते म्हणतात. इन्शाअल्लाह ते जातील. ऑक्टोबरमध्ये जावे, असे आम्ही त्यांना सुचविले आहे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, भाडे उतरलेले असते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. सात महिन्यांत बारा महिने कसे ओढायचे, हे त्याच्याच तोंडून ऐकावे.